निनेव्हेचा खजिना

सुट्टीत शिक्षिकेने व्हिडिओ गेम खेळावा, हे ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये हसू होते. पण 'सिव्हिलायझेशन ५' हा धडाधड गोळ्या झाडण्याचा खेळ नाही. बुद्धिबळासारखी आपण एक खेळी करायची, मग इतरांची पाहायची. नववीतला माझा मुलगा आणि मी मिळून खेळतो. आमचे राज्य ठरलेले : असुरबनिपालचे अ‍ॅसिरिया, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधले प्राचीन साम्राज्य.

खेळात अ‍ॅसिरियाला एक खास गुण दिला आहे. त्याचे नावच 'निनेव्हेचा खजिना'. शत्रूचे शहर जिंकले की त्याला येणारी, पण आपल्याला न येणारी एक विद्या आपोआप मिळते. इतर राज्ये वाचनालये बांधून, वाट पाहून जे शिकतात, ते आपल्याला तटबंदी फोडून मिळते.

हा नियम हवेतून आलेला नाही. इ.स.पू. सातव्या शतकात असुरबनिपालने निनेव्हेत मातीच्या पाट्यांचे मोठे ग्रंथालय उभारले. आपल्याला लिहिता-वाचता येते याचा त्याला अभिमान होता. बाबिलोन पडल्यावर तिथल्या पाट्याही निनेव्हेत आल्या. याच राजाने इलामची सूसा नगरी उद्ध्वस्त केली आणि ते अभिमानाने कोरून ठेवले. वाचणारा माणूस दयाळू होतोच, असे आपण गृहीत धरतो. हा राजा त्या समजुतीत बसत नाही.

परवा आम्ही इजिप्तचे मेम्फिस घेतले. पडद्यावर तीन पर्याय आले : राज्यात सामील करा, मांडलिक ठेवा किंवा जाळून टाका. जिंकलेले शहर ठेवले की राज्यात असंतोष वाढतो, म्हणून मुलाने तिसरा पर्याय निवडला. मग प्रत्येक खेळीला शहराच्या लोकसंख्येचा आकडा एकने उतरू लागला. सहा, पाच, चार.

"अम्मी, हे लोक जातात कुठे?" त्याने विचारले.

खेळाकडे याचे उत्तर नाही. मी त्याला हजरत यूनुस अलैहिस्सलाम यांची आठवण दिली. ताइफच्या बागेत अद्दासने आपले गाव नैनवा सांगितले, तेव्हा हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी ज्या नेक माणसाचे नाव घेतले, ते हेच. नैनवा म्हणजेच निनेव्हे. कुरआनात त्यांच्या कौमचा आकडाही आहे : एक लाख किंवा त्याहून अधिक. त्यांनी ईमान आणले आणि आलेला अजाब टळला. तिथला आकडा वाचलेल्या माणसांचा आहे.

मुलगा म्हणाला, "पण निनेव्हे नंतर जळलंच ना?"

जळले. इ.स.पू. 612 मध्ये बाबिलोनी आणि मीड सैन्याने ते जाळले. त्या आगीत ग्रंथालयातल्या बऱ्याच पाट्या विटांसारख्या भाजून निघाल्या आणि म्हणून टिकल्या. एकोणिसाव्या शतकात त्या उकरून काढल्या गेल्या. आज पाट्या आणि तुकडे मिळून तीस हजारांहून अधिक नग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. जिंकून आणलेला खजिना दुसऱ्याच्या कपाटात गेला.

मुलाने तीनवर जाळपोळ थांबवली. खेळात तशी सोय आहे. असंतोष अर्थातच वाढला. तो कमी करायचा तर त्या शहरात न्यायालय बांधावे लागते. ते आम्ही बांधायला घेतले आहे. बऱ्याच खेळ्या लागतील, आणि तोवर आमचे वेढ्याचे बुरूज नाईलकाठी नुसते उभे आहेत.