मधलं कोणी खाल्लं?

दिवाळीच्या आधी आमच्या गावची माणसे डबे घेऊन चोपड्याच्या बेकरीत जातात. मैदा आपला, रवा आपला, तूप-साखरही आपलीच. बेकरीवाला मजुरी घेतो आणि भट्टीतून नानकटाई काढून देतो. गेल्या दिवाळीला आईबरोबर मी गेले होते. धाकटा भाऊ बाळूही रडून रडून बरोबर आला होता.

आमचा नंबर लागेपर्यंत बाळूला काचेच्या कपाटात डोनट दिसले. गोल, वर साखरेचा पांढरा थर आणि त्यावर रंगीत गोळ्या. बाळूने आधी विचारले, "ताई, याच्या मधलं कोणी खाल्लं?" आणि मग तो मागू लागला. आई म्हणाली, "नानकटाई करतोय ना आपण? गप बैस." परतीच्या पावसात आमचा कापूस भिजला होता. त्या साली प्रत्येक रुपयाचा विचार चालला होता, पण बाळूला ते काय कळणार? तो थांबेना. मी म्हटलं, "भाऊबीजेला मी घरी करून देईन." बोलून तर गेले!

बेकरीतल्या कारागीर काकांना मी विचारले. त्यांनी हात न थांबवता सगळे सांगितले आणि कागदाच्या पुडीत थोडे यीस्ट दिले. भुरकट रंगाचे, खसखशीपेक्षाही बारीक दाणे होते ते. पैसे घेतले नाहीत. "दूध कोमट घे हं," असे ते दोनदा म्हणाले.

भाऊबीजेला मी अर्धा किलो मैदा घेतला. दूध चुलीवरून उतरवले आणि उकळतेच अर्ध्या पुडीवर ओतले. मला वाटले, जास्त गरम म्हणजे जास्त फुगेल. पीठ मळून झाकून ठेवले. एक तास झाला, दोन झाले. बाळू दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघत होता. पीठ जागचे हलले नाही.

आईने विचारले, "काय झालं गं?" मी म्हणाले, "यीस्टच जुनं दिलं त्यांनी."

आजीने पिठात बोट घातले आणि म्हणाली, "मरी गयं ते. पन फेकू नको व माय." त्या पिठाचे तिने शंकरपाळे केले. जरा कडक झाले, पण संपले. बाळू मात्र शंकरपाळ्याला भोक पाडून बघत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

पुढच्या आठवड्यात आई बाजाराला गेली. येताना तिच्या पिशवीत नवी पुडी होती. म्हणाली, "चांगलं सुनावलं मी त्याला. पोरीला जुना माल देतोस म्हटलं. काही बोलला नाही बिचारा. ही दुसरी पुडी दिली." मला घास गिळेना.

शाळा सुरू झाल्यावर मी गुरुजींना विचारले, "यीस्ट म्हणजे काय?" गुरुजी म्हणाले, "ती एक बुरशी आहे, जिवंत. एकेका पेशीची, डोळ्यांना न दिसणारी. ती साखर खाते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. त्या वायूने पीठ फुगतं. पण उकळतं दूध ओतलं तर ती मरून जाते." म्हणजे मीच तिला मारले होते. वर्गात बाकीचे हसले, मला हसू आले नाही.

रविवारी पुन्हा करायचे ठरले. मी नवी पुडी फोडणार, तर आजीने हात धरला. "आधी जुनं संपव." आजीचे सगळ्याच बाबतीत असे असते. या वेळी दुधात करंगळी बुडवून पाहिली, बाळाला पाजतात तेवढेच कोमट. त्यात चमचाभर साखर आणि जुन्या पुडीतले उरलेले यीस्ट घातले. दहा मिनिटांत वाटीभर फेस आला. ताज्या पावासारखा वास सुटला.

आई वाटीकडे बघतच राहिली. "अगं, हे तर चांगलं आहे! मग तेव्हा काय झालं?"

मी सगळे सांगून टाकले. आई रागावेल असे वाटले होते. ती फक्त एवढेच म्हणाली, "मी चार माणसांत बोलले गं त्याला." आणि गोठ्यात निघून गेली. ती ओरडली असती तर बरे वाटले असते.

पीठ आजीनेच मळले. आजीचे माहेर शिरपूरकडचे. खापरावरचे मांडे करावेत तर तिनेच! मांड्याचे पीठ मळून, तिंबून इतके लवचिक करतात की हातावर रुमालासारखे पसरते, पण तुटत नाही. डोनटच्या पिठालाही असाच ताण लागतो, नाहीतर आतला वायू निसटून जातो. मी पाच मिनिटांत दमले. आजी म्हणाली, "आजून मळ!" शेवटी थोडे पीठ दोन्ही हातांनी ताणले, तर पलीकडचा उजेड दिसला आणि पापुद्रा फाटला नाही. तेव्हा तिने डब्यावर गोधडी टाकली. "आते याले झोपू दे." थंडी होती, म्हणून डबा चुलीच्या उबेला ठेवला. दीड तासात पीठ दुप्पट झाले. बाळूने टाळ्या वाजवल्या.

पेल्याने गोल कापले आणि बाटलीच्या झाकणाने मधे भोक पाडले. अमेरिकेत हॅन्सन ग्रेगरी नावाचा खलाशी होता. १८४७ साली जहाजावर आपणच पहिल्यांदा असे भोक पाडले, असे तो पुढे सांगत असे. कारण मधला भाग कच्चा राहायचा. आजीला सांगितले तर ती म्हणाली, "मेदूवड्याला काय अमेरिकेतून आलं का भोक?"

फुगलेले डोनट हाताने उचलले की चेपतात. म्हणून आजीने केळीच्या पानाचे चौकोन कापले, तेल लावले आणि एकेकावर एकेक डोनट ठेवला. पुन्हा फुगल्यावर पान कढईवर तिरपे धरायचे, डोनट अलगद घसरतो. केळी आमच्याकडे घरोघर, पण ही युक्ती मला कधी सुचली नसती. आच मध्यम ठेवली. पहिले दोन मोठ्या आचेवर करपले आणि आत कच्चे राहिले, ते मी खाल्ले. पुढचे मात्र तेलावर असे तरंगले की मधोमध पांढरी पट्टी राहिली. मधल्या गोळ्याही तळल्या. बाळूला उत्तर मिळाले. "मधलं मी खाल्लं!" तो ओरडत अंगणभर फिरला.

वाटीभर पिठीसाखरेत दोन चमचे दूध घालून थर केला. गरम डोनटवर तो वितळून वाहून गेला. निवल्यावर लावला तेव्हा कुठे बसला. रंगीत गोळ्या नव्हत्या, बडीशेप लावली.

सोळा झाले. आईने न बोलता त्यातले चार वेगळे काढले आणि न उघडलेली पुडी त्यांच्याजवळ ठेवली. दुसऱ्या बाजाराला मला बरोबर नेले. बेकरीत गर्दी होती. आईने डबा माझ्या हातात दिला आणि ती मागे उभी राहिली. मी म्हटलं, "काका, यीस्ट जुनं नव्हतं. दूध मीच उकळतं ओतलं, आणि तुमचं नाव सांगितलं."

काकांनी हात पुसले. पुडी घेतली नाही, डोनट मात्र घेतला. मोडून आतून पाहिला, वास घेतला, एक घास खाल्ला.

"मीठ विसरलीस," ते म्हणाले.

खरंच विसरले होते.