पडद्यावरची खोटी सावली

मांजरपाटावर दगडी खांब उभा करायचा असेल, तर पडदे रंगवणारा माणूस आधी खांबाबद्दल काही विचारत नाही. उजेड कुठून येतोय, हे विचारतो. डावीकडून येत असेल तर खांबाची उजवी बाजू काळोखी. पण ती थेट कडेपर्यंत काळी करून चालत नाही. सावलीच्या शेवटी, कडेला लागून, बोटभर पट्टी पुन्हा किंचित उजळ ठेवावी लागते, कारण मागच्या भिंतीवर आपटून परत आलेला उजेड तिथे पडतो. ती पट्टी साधली की खांब गोल होतो. विसरली की कापडावर पत्रा चिकटवल्यासारखा दिसतो. त्यात रंग सरसात कालवलेला. ओला असताना गडद, सुकला की चांगलाच उतरलेला. म्हणून जाणता रंगारी छटा आधी कागदाच्या कपट्यावर फासतो, सुकवून बघतो आणि मगच ब्रश उचलतो.

मराठी सिनेमाची एक मोठी शाखा या असल्या उठाठेवीतून फुटली. कोल्हापुरात १८९० साली जन्मलेले बाबूराव कृष्णराव मेस्त्री आणि त्यांचे बंधू आनंदराव हे दोघे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’साठी त्यांनी केलेल्या पडद्यांची त्या काळी वाहवा झाली. आडनाव मागे पडले आणि दोघेही ‘पेंटर’ झाले. कोल्हापुरात कामावरून माणसाचे नाव पडते, आणि ते कागदोपत्री नावापेक्षा जास्त टिकते.

संगीत नाटकाच्या त्या पडद्यांचे गणित वेगळे होते. रस्त्याचा पडदा, महालाचा पडदा, अरण्याचा पडदा, बाजूला विंगा, वर झालर. गाणे संपले की एक गुंडाळायचा, दुसरा सोडायचा. चित्रातल्या सगळ्या रेषा दूर एका बिंदूत मिळत, आणि तो देखावा समोरच्या मधल्या खुर्चीतून सर्वांत खरा दिसे. नट मात्र पडद्यापासून अंतर ठेवूनच उभा राहायचा. गाण्याच्या भरात मागे सरकला की त्याचा फेटा राजवाड्याच्या कमानीला टेके. फूटलाइट जमिनीलगत असल्याने नटाची सावली मागच्या हिमालयावर चढे. प्रेक्षकांना त्याचे काही वाटत नसे. नाटकाचा प्रेक्षक फार दिलदार असतो. सूर लागला की त्याला पर्वतावरची सावली दिसत नाही.

कॅमेऱ्यापुढे ही दिलदारी चालत नाही.

सुरुवातीच्या चित्रपटांचे चित्रीकरण दिवसाउजेडी, उघड्यावर किंवा काचेच्या छताखाली व्हायचे. आता रंगवलेल्या खांबाची सावली उजवीकडे कायमची पडलेली आणि खरा सूर्य मात्र फिरतोय. सकाळी दोघांचे जमते. दुपारनंतर नटाच्या नाकाची सावली एकीकडे आणि त्याच्या मागच्या खांबाची दुसरीकडे. त्यात वारा सुटला की महालाची भिंत हलते. जगभरातल्या जुन्या मूकपटांत असे डुलणारे राजवाडे पाहायला मिळतात. रंगाऱ्याला ते बघताना हसू येते, आणि थोडी भीतीही वाटते. नाटकाच्या पडद्यावर कौतुकाला पोचलेला हात इथे उघडा पडतो.

रंगांचेही तेच. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल कुंकू, लाल शालू, लाल दगडाचा किल्ला, सगळे काळे उतरे. उलट निळा रंग फिल्मला इतका दिसे की आभाळ पांढरेफटक होऊन जाई. अंगाला निळा रंग फासलेला कृष्ण चित्रपटात गोरा दिसला असता! म्हणजे पडद्यासमोर उभे राहून डोळ्यांना जे सुंदर दिसते, ते फिल्मवर तसे येईलच असे नाही. कोणता रंग किती करडा होईल, याचा हिशेब मनात मांडूनच डबा उघडायचा. 

आनंदराव आणि बाबूरावांनी एक जुना प्रोजेक्टर मिळवून तो खोलून पाहिला आणि कॅमेरा स्वतःच बनवायचे ठरवले. १९१६ साली आनंदराव वारले. काम थांबले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला. मधल्या काळात, १९१७ साली, कोल्हापुरात ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. या गोष्टीतला जिद्दीचा भाग सगळेच सांगतात. त्याहून मोलाची बाब ही, की फिल्मची पट्टी दातांवरून कशी सरकते, झडप क्षणभर कशी उघडते, उजेड कुठून आत शिरतो, हे या माणसाच्या बोटांना ठाऊक होते. कॅमेरा काय पाहू शकतो आणि काय नाही, हे त्यांना कुणाकडून ऐकायचे नव्हते.

मग त्यांनी जे केले ते एका पडदेवाल्यासाठी सोपे नसणार. ज्या हातखंड्यावर नाव झाले, तो रंगवलेला देखावाच त्यांनी मागे टाकायला घेतला. सपाट कापडाऐवजी लांबी, रुंदी आणि खोली असलेले सेट उभे केले. खांब खरोखरच गोल झाला, आणि त्याची सावली काढायची गरज उरली नाही. सूर्यच ती काढू लागला. बाबूरावांच्या कल्पकतेचा गौरव करताना लोक पोस्टरांपासून कॅमेऱ्यापर्यंत बरीच यादी देतात. कापड रंगवून पोट भरणाऱ्याला विचाराल, तर सगळ्यांत मोठी झेप हीच. आपल्याला उत्तम येणारी गोष्ट नव्या जागी कामाची नाही, हे ओळखायला नुसता हात चांगला असून भागत नाही.

१९२० साली आलेल्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका अंगावर आला, की काही प्रेक्षकांना भोवळ आल्याचे आणि ते दृश्य पुढे कापावे लागल्याचे सांगतात. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले ते याच चित्रपटावरून. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये तर त्यांनी सूर्यालाही रजा दिली. तानाजी गड चढतो तो रात्री. दिवसा चित्रित करून फिल्म निळी रंगवण्याची सोपी वाट असताना बाबूरावांनी कृत्रिम दिवे लावून रात्रीचे प्रसंग घेतले. उजेड पहिल्यांदाच पूर्णपणे हातात आला. हवा तिथून आणावा, हवा तितकाच ठेवावा.

त्याचे फळ १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये दिसते, किंवा खरे तर आता दिसत नाही, कारण बाबूरावांचे बहुतेक मूकपट काळाच्या ओघात नष्ट झाले. नारायण हरी आपट्यांची कथा. सावकाराच्या तावडीत जमीन गमावून शहराच्या गिरणीत जाऊन पडणारा शेतकरी, आणि त्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांना पुष्कळ वर्षांनी या चित्रपटातले काय आठवत होते? मंद उजेडातली एक उदास झोपडी आणि कुत्र्याचे रडणे. चित्रपट मूक होता! कुत्र्याचा आवाज कुणी ऐकलेलाच नव्हता. अंधार इतका नेमका मोजून ठेवला होता, की बघणाऱ्याच्या कानाने उरलेले काम आपले आपण केले. झोपडीत दिवा चार बोटे वर सरकवला असता, तर कुत्रा बहुधा नुसताच तोंड उघडून बसला असता.

अर्थात रंगाचा हात सुटला नव्हता. त्याने जागा बदलली होती. बाबूराव आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर भारतातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध चित्रपट-पोस्टरांत गणले जाते. पोस्टरावर मात्र खोटी सावली चालते, शोभते सुद्धा. तिथे सूर्य येऊन तपासणी करत नाही.

महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या कारखान्यात तयार झालेल्या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. दामले, शांताराम, धायबर आणि सगळ्यांचे साहेबमामा, म्हणजे फत्तेलाल. सोबतीला सीतारामपंत कुलकर्णी. पुढे पुण्याला गेलेल्या याच कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तुकोबांना न्यायला येणारे गरुडविमान आजच्या मुलांना भाबडे वाटेल. पण त्यातल्या घराच्या भिंती बघाव्यात. चुलीच्या बाजूला धरलेली काजळी, कोनाड्याच्या कडेला लागलेला हात. देहूतले घर आधी इतके खरे करून ठेवले आहे, म्हणून विमानाची उधारी प्रेक्षक आनंदाने देतो.

बाबूरावांनी टाकलेला रंगवलेला देखावा जगाने पुरता टाकला नाही, ही त्याची दुसरी बाजू. १९४७ चा इंग्रजी चित्रपट ‘ब्लॅक नार्सिसस’ दार्जिलिंगजवळच्या हिमालयात घडतो आणि त्यातले कुणी चित्रीकरणासाठी हिमालयात गेले नाही. सगळा खेळ मुख्यतः लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत. दऱ्या आणि शिखरे पर्सी डे यांनी काचेवर रंगवली. मागचे काही देखावे तर मोठ्या केलेल्या कृष्णधवल छायाचित्रांवर खडूचे रंग चढवून तयार केलेले. घंटेच्या कड्यावर उभी ख्रिस्ती जोगीण आणि खाली खोल दरी हे दृश्य आजही पोटात गोळा आणते. याचे श्रेय डोंगराइतकेच दिव्यांना आहे. काचेवरच्या पहाटेचा उजेड ज्या बाजूने, त्याच बाजूने आणि त्याच रंगाचा उजेड जोगिणीच्या गालावर टाकला आहे. छायाचित्रकार जॅक कार्डिफ आणि कलादिग्दर्शक आल्फ्रेड युंगे, दोघांनाही ऑस्कर मिळाले. एकाला देऊन दुसऱ्याला वगळणे अवघडच होते.

आणि २०१९ साली ‘द मँडलोरियन’ या मालिकेने पडदा सरळ परत आणला. सुमारे २० फूट उंच, नटाला जवळजवळ वेढून टाकणारी एलईडीची भिंत. तिच्यावर वाळवंट, आणि कॅमेरा सरकेल तसा वाळवंटातला दृष्टिकोनही सरकतो. आरशासारखे चिलखत घातलेला नायक समोर उभा राहिला की त्याच्या छातीवर तेच वाळवंट चमकते. जुन्या रंगाऱ्याला इथे हेवा वाटला तर नवल नाही. त्याचा देखावा उजेड खात असे. हा उजेड देतो.

आपल्याकडे या कामाचा बराचसा भाग फ्लेक्सने गिळला. तालुक्याच्या फोटो स्टुडिओत कठडा, तळे आणि पूर्ण चंद्र रंगवलेला पडदा असायचा. पुढे नवरा-नवरी उभे, वर दोन छत्र्यांचे दिवे. चंद्र बिनकामाचा असला तरी रंगाऱ्याने फोटोग्राफरला विचारूनच कठड्याची सावली काढलेली असे. फ्लेक्स छापणारा कुणाला विचारणार? गणपतीच्या मंडपात कैलास लागतो तो कुठल्या तरी फोटोवरून उचललेला, ऊन उजवीकडून. मूर्तीवर हॅलोजन डावीकडून. शेजारच्या खांबांवर रंगीत दिवे खालून वर. शंकर-पार्वतीला तीन सूर्यांखाली बसवलेले. हे लिहिणारा पडदेवाला असल्या मंडपात गेला की त्याला दर्शन सोडून भलतेच दिसते. ब्रश घेऊन दुरुस्त करावे, तर पाण्याचा रंग त्या गुळगुळीत कापडावर धरत नाही. मग मंडळाच्या पोरांना गाठून एवढेच सांगायचे, की तो हॅलोजन उचलून उजवीकडच्या खांबाला बांधा. बहुतेक वेळा उत्तर एकच मिळते: ‘काका, वायर पुरत नाही.’