यॉर्कशायरमधील एक परीक्षा

गतवर्षी मे महिन्यात आमचा मुक्काम इंग्लंडातील लीड्स शहरी, कन्येच्या घरी होता. एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, आज फेरेट बघायला जायचंय. जमलं तर घरी आणायचा." हा प्राणी आम्ही तोवर पाहिलेला नव्हता. तो मुंगसासारखा दिसतो, असे नातीने सांगितले.

शहर मागे पडले आणि यॉर्कशायरचा डोंगराळ मुलूख सुरू झाला. चुन्यावाचून दगडावर दगड रचून घातलेले गडगे, त्यांमधील हिरवी कुरणे, चरणाऱ्या मेंढ्या आणि मधूनच भुरभुरणारा पाऊस. खानापूरकडील श्रावण आठवावा असा तो देखावा होता. एका खेड्याच्या टोकाला एक वयस्क बाई आपल्या परसात, टाकून दिलेल्या व चुकलेल्या फेरेटांचे आश्रयस्थान चालवितात.

तेथे प्रथमच आमची अडवणूक झाली. आम्हांस पडसे होते. आम्ही शिंकताच बाईंनी नम्रपणे, परंतु निश्चयाने आम्हांस दूरच्या बाकावर बसविले. माणसाचा फ्लू फेरेटला लागतो. १९३३ साली लंडनमधील शास्त्रज्ञांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू शोधला तो याच प्राण्याच्या साहाय्याने, हे तेव्हा कळले.

आम्ही दुरूनच पाहत राहिलो. हातभर लांब अंग, आखूड पाय, डोळ्यांभोवती काळसर पट्टा. बहुतेक सारे कापडी झोळ्यांत निजलेले. हा प्राणी दिवसाचे १४ ते १८ तास झोपतो. एक जागा झाला आणि पाठीची कमान करून आडव्यातिडव्या उड्या मारीत नाचू लागला. नात टाळ्या पिटू लागली.

मुंगसाशी त्याचे साम्य दिसण्यापुरतेच, कूळ पाणमांजराचे. आपल्याकडे मुंगूस हा वन्य प्राणी असून १९७२ च्या कायद्यानुसार तो पाळता येत नाही. फेरेट मात्र दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी युरोपात माणसाळविला गेला, तो सशांच्या शिकारीसाठी. बिळांच्या तोंडांशी जाळी लावून आत फेरेट सोडायचा, म्हणजे भ्यालेले ससे बाहेर पळतात व जाळ्यांत सापडतात. इंग्लंडात ही शिकार आजही चालते. काही फेरेट अशा बिळांतच हरवतात. काहींना त्यांच्या उग्र वासाला किंवा औषधपाण्याच्या खर्चाला कंटाळून लोक सोडून देतात. मादी माजावर आली आणि संग घडला नाही तर माज ओसरत नाही व पुढे रक्तक्षयाने ती दगावू शकते. म्हणून शस्त्रक्रिया किंवा अन्य उपाय करून घ्यावा लागतो. हौसेने आणणाऱ्यांस हे ठाऊक नसते.

मग बाईंनी वही उघडली. घरी दिवसा कोण असते? रोज काही तास मोकळे सोडाल का? हा प्राणी मांसावरच जगतो, ते रोज आणाल का? आयुष्यभर प्रवेशाच्या वेळी पालकांना प्रश्न विचारलेले आम्ही, आज पालकांच्या बाजूस बसलो होतो. प्रथम थोडा राग आला. मग पंचतंत्रातील मुंगसाची गोष्ट आठवली. ज्या तंत्रात ती येते त्याचे नाव 'अपरीक्षितकारक'. शहानिशा न करता केलेल्या कृत्याची फळे त्यात सांगितली आहेत. येथे ती शहानिशा आधीच चालली होती, आणि तीही माणसांची.

शेवटचा प्रश्न आला. "दरवर्षी महिनाभर भारतात जाता, तेव्हा यांना कोण पाहील?" कन्येने आमच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. त्या दिवशी फेरेट मिळाला नाही. आधी घर पाहू, शिवाय एकटा देणार नाही, जोडीच न्यावी लागेल, असे बाईंनी सांगितले.

आम्ही परतल्यावर दोन महिन्यांनी कन्येचा फोन आला. जोडी घरी आली होती. शेजारीण पंधरा दिवस सांभाळीन म्हणते. तेव्हा यंदा पंधराच दिवस येणे होईल.

सौभाग्यवतींच्या डोळ्यांत पाणी आले. "जनावरापुढे आईबाप परके झाले का?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. स्वीकारलेली जबाबदारी टाकू नये, हे तिला आम्हीच शिकविले होते. तो धडा तिने आमच्याच वाट्याचे पंधरा दिवस कापून गिरविला, म्हणून तिला नापास कसे करावे?

माडीवरच्या खोलीला रंग देण्यास सांगितले आहे. पंधरा दिवस तर पंधरा दिवस.