तुरीची ओळ

ज्वारीत तुरीची ओळ हवीच, हा आमच्या आजीचा हट्ट. धाकटे काका म्हणत, "आई, युरियाचे पोते आहे की! जागा कशाला अडवायची?" ती उत्तर देत नसे, ओळ मात्र पेरवून घेई.

तुरीचे कोवळे रोप उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. नखाने फोडलीत तर आत चक्क गुलाबी! आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच तो भाऊबंद. तेथले जिवाणू हवेतला नत्र धरतात, हे हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ साली दाखविले. ज्वारीच्या मुळांशीही अझोस्पिरिलम वसतो. पण त्याची देणगी बेताची. तूर तरी कोठे उदार? ज्वारीला थोडेच मिळते. बाकी गळलेल्या पानांतून पुढच्या पिकाला.

हे ऐकून काका म्हणाले, "म्हणजे लगेच फायदा नाहीच!"

आजी तेव्हा गेलेली होती. यंदा ओळ काकूंनी पेरली.