काळी गोळी

मेडिकलच्या काउंटरवर तिला कुणी नावाने हाक मारत नाही. "भाऊ, ते काळी गोळी द्या जी," एवढं म्हटलं की पुरतं. दुकानदार मानही वर करत नाही. खालच्या खणातून पत्ता काढतो आणि कात्रीने चार गोळ्यांचा तुकडा कापून देतो. कंपनीचं नाव, तारीख, घटकांची यादी उरलेल्या पत्त्यावर राहून जाते. गिऱ्हाइकाच्या तळहातावर येते ती निनावी काळी टिकली. युनिएन्झाइम हे तिच्या घराण्यातलं सर्वांत ओळखीचं नाव, पण लोकांना नावाशी काय करायचं? काळी असली म्हणजे झालं.

भंडारा जिल्ह्यात तिचा हंगाम दिवाळीनंतरचा. भाऊबीज आटोपली की मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोलीकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते. हलक्या धानाची कापणी उरकलेली असते, हातात थोडा पैसा खुळखुळत असतो. लेकी येतात, जावई येतात, जावयांचे मित्रही येतात. दिवसा दंडार, रात्री नाटक आणि या दोहोंच्या मधे मटण. पाहुण्याच्या ताटातला भाताचा ढीग खाली जाऊ द्यायचा नाही, हा इथला धर्म. नाटकाचा तिसरा अंक पहाटेकडे झुकतो तोवर निम्मा मंडप पोटावर हात ठेवून बसलेला असतो. अशा वेळी काळी गोळी खिशातून निघते आणि शेजारच्यालाही वाटली जाते. तंबाखूनंतर इतक्या उदारपणे वाटली जाणारी दुसरी वस्तू या भागात मला तरी ठाऊक नाही.

दिसायला एकटी असली तरी तिच्या पोटात तिघांचा संसार आहे आणि तिघांचं कूळ वेगवेगळं.

पहिलं डायस्टेज. ते बुरशीचं लेकरू. जपानात भातावर एक बुरशी वाढवतात, अ‍ॅस्परजिलस ओरायझी. ओरायझा हे धानाचंच शास्त्रीय नाव. तिच्यापासून साके बनते. जोकिची ताकामिने नावाच्या जपानी रसायनतज्ज्ञाने अमेरिकेत ही बुरशी गव्हाच्या कोंड्यावर वाढवली, तिच्यातून पिष्ट फोडणारा द्राव काढला आणि 1894 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. 'ताका-डायस्टेज' या नावाने पार्क-डेव्हिस कंपनीने तो जगभर अपचनावर विकला. आजच्या पत्त्यांवर डायस्टेजपुढे 1:1200 असा आकडा दिसतो. त्याचा अर्थ, प्रयोगशाळेत ते आपल्या वजनाच्या बाराशे पट पिष्ट पचवतं. प्रयोगशाळेत, हे मात्र विसरायचं नाही. माणसाच्या जठरात आम्ल असतं आणि तीव्र आम्लापुढे या बुरशीपुत्राचा टिकाव लागत नाही. जेवणाच्या गोळ्याने आम्ल थोडं सौम्य झालेलं असतं तेवढ्या वेळात काय ते काम त्याने उरकायचं. म्हणून तर ही गोळी जेवणावरच घ्यायला सांगतात. रात्री दोनला घेतलेली गोळी गिळण्याचं समाधान देते, फारसं दुसरं काही नाही.

दुसरं पपेन. हे मात्र आपल्या परसातलं. कच्च्या पपईच्या सालीवर पहाटे उभ्या चिरा मारल्या की पांढरा चीक ठिबकतो. तो गोळा करून वाळवला, शुद्ध केला की पपेन हाती येतं. 1879 मध्ये फ्रान्समध्ये वुर्ट्झ आणि बुशू यांनी त्याला हे नाव दिलं, पण मटणात कच्च्या पपईची फोड टाकणाऱ्या बायांना त्याचं काम त्यांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. स्वभावाने ते तिखट आहे. लोखंडाशी त्याचं पटत नाही, म्हणून चीक लोखंडी भांड्यात धरत नाहीत. त्याची भुकटी नाकात गेली तर काहींना दमा उठतो. ज्यांना रबराची किंवा पपईच्या चिकाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी या गोळीपासून लांबच राहावं. काम त्याचं एकच, प्रथिनांच्या साखळ्या तोडणं. वाटणात मुरत पडलेल्या मटणावर ते काम करतं, गंज चुलीवर चढून कोमट होतो तेव्हा तर जोमाने करतं आणि खळखळून उकळी फुटली की संपतं. म्हणजे मंडईच्या गंजात पपेन आपलं काम करून केव्हाच मोकळं झालेलं असतं. गोळीतलं पपेन त्याच मटणाच्या मागे पुन्हा पोटात उतरतं. तिथे जठरातलं पेप्सिन आणि स्वादुपिंडाचा रोज लिटरभराहून जास्त पाझरणारा रस आधीच कामाला लागलेले असतात. धडधाकट माणसाच्या पोटात ही गोळी न बोलावता आलेला मदतनीस असते. भरल्या घरात तिच्यामुळे फार काही अडतही नाही, सुटतही नाही.

तिसरा कोळसा. गोळीचा रंग त्याचा आणि खोड्याही त्याच्याच. तो वायू शोषतो म्हणतात, पण त्याला निवड नसते, समोर येईल ते धरून ठेवतो. बीपीची, शुगरची गोळी त्याच्या जोडीला गिळली तर तिचाही काही भाग तो आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून दोघींत दोन तासांचं अंतर हवं. दुसऱ्या दिवशी शौच काळं होतं आणि एखादा आजोबा घाबरून थेट जिल्हा रुग्णालय गाठतो. घाबरणं अगदीच चूक नाही, कारण जठरात रक्तस्राव झाला तरी शौच काळं होतं. ते मात्र डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असतं. काळी गोळी घेतलीच नसेल आणि तरी असं दिसलं, तर आजोबांनी दवाखाना गाठलाच पाहिजे.

तिच्याच बिरादरीतली एक मात्र खरोखर जीव वाचवते. ती डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते, महाग असते आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते. ज्यांचं स्वतःचं स्वादुपिंड आजाराने निकामी झालं आहे त्यांना प्रत्येक जेवणाबरोबर ती घ्यावी लागते. तिच्या कॅप्सूलमधले दाणे आम्लात विरघळणार नाहीत अशा आवरणात असतात. तेच आवरण काळ्या गोळीच्या नशिबी नाही. या बाईसाहेब मंडईत कुणाला वाटल्या जात नाहीत.

आता या घराण्यात एक नवी पाहुणी येऊ घातली आहे. ती पत्त्यातून मिळत नाही. प्लास्टिकच्या डबीतून, मोबाइलवर मागवली की कुरिअरने येते. गव्हातलं प्रथिन, ग्लूटेन, पचवते, असा तिचा दावा. भंडाऱ्यात तिचं काय काम, असा प्रश्न पडावा. इथे भात, तांदळाचे आयते, लाखोळीची डाळ. इथल्या चिन्नोर तांदळाला तर 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. यात कुठेच ग्लूटेन नाही. देशातल्या तीन भागांतल्या प्रौढांची तपासणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत गहू खाणाऱ्या उत्तरेत सीलिअ‍ॅकचं (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचं) प्रमाण शेकडा 1.23 आणि भात खाणाऱ्या दक्षिणेत 0.10 निघालं. पण आता पोळी रोजच्या ताटात आली आहे, चहाबरोबर टोस्ट आहे, बसस्टँडवर समोसा आहे. एखाद्या घरात पोर वाळत जातं, रक्त भरत नाही, जुलाब थांबत नाहीत आणि नागपूरला तपासल्यावर सीलिअ‍ॅक निघतो. मग कुणीतरी मामा मोबाइल पुढे करतो: ही गोळी दे, म्हणजे पोराला पुरी खाता येईल.

नाही येत. ग्लूटेनमध्ये प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल ठासून भरलेलं असतं आणि प्रोलीनच्या गाठींपाशी आपल्या पोटातली पाचकं अडतात. आयआयटी मुंबईत शिकलेले चैतन खोसला यांच्या स्टॅनफर्डच्या गटाने 2002 मध्ये 33 अमिनो आम्लांचा असाच एक तुकडा दाखवला. जठरातली आणि आतड्यातली पाचकं त्याला तोडू शकत नाहीत आणि सीलिअ‍ॅकच्या रुग्णाचं शरीर नेमकं त्याच्यावर चवताळून आपल्याच आतड्यावर उठतं. 2015 मध्ये हॉलंडच्या संशोधकांनी बाजारात मिळणारी पाच पाचकं तपासली. हे घातक तुकडे मोडण्यात पाचही नापास झाली. त्याच तपासणीत अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीचं एक पाचक मात्र काचेच्या नळीत चांगलं चाललं. निरोगी माणसांच्या जठरातही ते बरंच ग्लूटेन तोडतं. बरंच, सगळं नाही. पुढे खास सीलिअ‍ॅकसाठी दोन पाचकांची जोडी बनवून 494 रुग्णांवर तिची चाचणी झाली. नुसत्या दिखाऊ औषधाहून ती सरस ठरली नाही.

हिशेबच मांडू. एका पोळीला तीस ग्रॅम कणिक, तीत अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन. पाचकाने त्यातलं शेकडा 90 फस्त केलं असं उदारपणे धरलं तरी अडीचशे मिलिग्रॅम उरतं. रोज 50 मिलिग्रॅम तीन महिने पोटात गेलं तर रुग्णाच्या आतड्याला इजा होते, हे चाचणीत दिसलं आहे. म्हणजे एकाच पोळीने पाचपट मजल मारली. लग्नाच्या पंगतीत एका पोळीवर कोण थांबतं?

काळी गोळी या बाबतीत तरी प्रामाणिक. ती गव्हाचा विषय काढत नाही. पोट जड झालंय ना, मग घे मला आणि नाटक बघ, एवढंच तिचं म्हणणं. तिच्यातल्या पपेनने ग्लूटेन फुटेल म्हणून सीलिअ‍ॅकच्या पोराला ती देणं मात्र तितकंच चूक. त्या पोरासाठी भंडारा तसा बरा मुलूख आहे. भात आहे, तलावातली मासळी आहे, आयते आहेत. धोका असतो तो न दिसणाऱ्या जागी. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो आणि वरणाच्या फोडणीतून तो निमूट ताटात येतो. डबीवरचं बारीक अक्षर वाचलं तर कळतं. पण पंगतीच्या आचाऱ्याला आई विचारायला गेली, की तो झारा न थांबवता सांगतो, "हिंगात काय राह्यते जी, हिंगच राह्यते."