‘येते’ म्हणजे काय?

आम्ही दोघेही गेली १८ वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो. साहित्यशास्त्राच्या तासाला शब्दशक्ती आल्या की अभिधा दहा मिनिटांत उरकायची, लक्षणेला ‘गंगेवर गवळीवाडा’ हे ठरलेले उदाहरण द्यायचे आणि मग व्यंजनेपाशी रमायचे, हा आमचा शिरस्ता. अभिधेत शिकवण्यासारखे असते तरी काय!

मुलगा सात वर्षांचा असताना त्याची आजी दुपारी गावी निघाली. उंबऱ्याबाहेर चपला घालताना नेहमीप्रमाणे म्हणाली, “येते हं.” ती गेली आणि तो दारात उभा राहिला. खायला येईना. अंधार पडला तसा रडू लागला, मग भिंतीवर डोके आपटू लागला. आजी ‘येते’ म्हणाली होती. ऑटिझमचे निदान होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. त्याची भाषेची समज ‘कमी’ आहे, असे अहवालात लिहिलेले होते आणि आम्हीही ते मान्य करून बसलो होतो. त्या रात्री मात्र निरुत्तर झालो. मराठी माणूस जाताना ‘येतो’ म्हणतो, फुटलेली बांगडी ‘वाढली’ म्हणतो. वर्गात आम्ही याला भाषेचे वैभव म्हणतो. घरातच या वैभवाला दाद न देणारा श्रोता निघाला, तेव्हा उणीव त्याचीच ठरवली.

ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द मुळाबरहुकूम आहे. ब्लॉयलर यांनी १९११च्या ग्रंथात ‘स्व’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवलेली ही संज्ञा वापरली, तीही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. पुढे १९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करताना तीच उचलली. पण तासन्‌तास दुसऱ्या माणसाची वाट पाहणाऱ्याला स्वमग्न कसे म्हणावे? डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ साली मांडले की, हा न समजण्याचा प्रकार दुहेरी असतो. ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन उमगत नाही, तसेच इतरांनाही त्याचे उमगत नाही. ‘सहृदय’ या संकल्पनेवर दरवर्षी दोन-दोन तास बोलणाऱ्या आम्हांला हे कळायला इतकी वर्षे लागावीत, हे लाजिरवाणेच.

वेगळेपण म्हटले म्हणजे अडचणी नाहीत, असे नव्हे. मिक्सर सुरू झाला की तो आजही कान दाबून कोपऱ्यात बसतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचे प्रमाणपत्रही आम्ही बिनदिक्कत काढले आहे.

सर्वांत अवघड होते आजीला समजावणे. सत्तरी ओलांडलेल्या बाईने घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचे? दोन खेपांना ती काहीच न बोलता गेली. तिसऱ्या खेपेस म्हणाली, “जाते रे. १५ तारखेला पाच वाजता येईन.” आणि कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल काढला.

त्या १५ तारखेला एसटी उशिरा आली. आजी पोहोचली तेव्हा सहा वाजले होते. तो दारातच होता. चपला काढण्याआधी तिने त्याची माफी मागितली.