लिहिता हात मोकळा

संपादकांनी विषय दिला होता ‘आजारी मुलांसाठी कलोपचार’. त्यातला ‘उपचार’ काढून मी ‘शिक्षण’ हा शब्द घातला आहे, आणि माझं म्हणणं त्या एका शब्दापुरतंच आहे. दवाखान्यातलं मूल कागदावर काही काढू लागलं की मोठी माणसं एकतर ‘बरं झालं, जीव रमला’ म्हणतात, नाहीतर ‘त्याच्या मनात काय चाललं असेल?’ म्हणून चित्र निरखत बसतात. रेघ पुढे कशी न्यावी, पिवळ्यात निळा किती मिसळावा, हे त्याला कुणी शिकवत नाही. प्रशिक्षित कलोपचारकांचं काम मी नाकारत नाही, पण चित्रावरून मन वाचण्याची घरगुती हौस मात्र थांबायला हवी. १९२६ मध्ये फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी माणसाच्या चित्रावरून मुलाची बुद्धी मोजण्याची चाचणी मांडली. १९४९ मध्ये कॅरेन मॅकोव्हर यांनी तशाच चित्रांतून स्वभाव ओळखण्याचा दावा केला. त्या दाव्याला पुढच्या संशोधनात भक्कम आधार मिळाला नाही, तरी ‘काळा रंग म्हणजे नैराश्य’ हे समीकरण लोकांच्या डोक्यातून जात नाही. ते खोडता खोडता थकायला होतं. काळा खडू पांढऱ्या कागदावर ठसठशीत उमटतो, एवढंही कारण मुलाला पुरतं. ब्लड कॅन्सरवरचं व्हिन्क्रिस्टिन हे औषध नसांवर परिणाम करतं. बोटांना मुंग्या येतात, पकड सैल पडते. अशा हाताची फिकी, डळमळती रेघ खचलेल्या मनाची ठरवण्याआधी पेन्सिल काढून घ्यावी आणि बोटभर जाडीचा खडू द्यावा. शिक्षकाचं काम ते हेच.

‘आधी बरं होऊ दे, चित्रकला कुठे पळून जाते?’ असं मायेने म्हटलं जातं. पण लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. गंभीर थॅलेसेमिया असलेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, बहुतेकांना जन्मभर. त्याने ‘बरं होण्याची’ वाट किती पाहायची? जंतुसंसर्गाचा आक्षेप मात्र खरा आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ओली माती, सुकी पानंफुलं, सगळ्यांचे ब्रश बुडणारा पाण्याचा मग हे काहीही नको. डॉक्टरांना विचारून प्रत्येकाला स्वतःचा, पुसून घेता येणारा खडूंचा डबा आणि कोरा कागद देता येतो. कलेने वेदना आणि भीती कमी होते असं सांगणारे अभ्यास आहेत, पण त्यांतले बरेच छोट्या गटांवरचे, म्हणून मी त्यांच्यावर भिस्त ठेवत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं कलम ३१ प्रत्येक मुलाला खेळण्याचा आणि कलेत सहभागी होण्याचा हक्क देतं. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली, आणि त्या कलमात आजारी मुलांना वगळलेलं नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात धडधाकट मुलांसाठी विभागीय क्रीडा संकुल आहे. त्याच गारखेड्यात १९८९ पासून डॉ. हेडगेवार रुग्णालय आहे. शहरात घाटी हे सरकारी रुग्णालय आणि शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जालना, बीड, परभणीकडून मुलं उपचारांसाठी या शहरात येतात. शासकीय कला महाविद्यालयही इथेच आहे. आठवड्यातले दोन तास ठरवून, वॉर्डाचे नियम शिकलेला आणि मानधन घेणारा कलाशिक्षक खाटेपाशी यावा, ही मागणी फार मोठी नाही. तोवर पालकांनी एक करावं. सलाईन लावण्याआधी मूल कोणत्या हाताने लिहितं ते सिस्टरांना सांगावं, आणि शीर मिळत असेल तर सुई दुसऱ्या हाताला लावायची विनंती करावी.